गोदीचं खोकं

"बाई, पानी."

गोदीनं उजव्या हाताचा अंगठा ओठांकडे नेला होता. डावी मूठ पोटाशी धरलेली. मी तिच्यापुढं तिचं खोकं ठेवून अजून नीट मांडी घालून बसलेही नव्हते.

"आत्ताच आलीस ना गं घरून? घरी पाणी नव्हतं?"

"हुतं की."

"मग?"

"हितलं ग्वाड लागतंय."

सगळा वर्ग हसला. इमाम म्हणाला, "बाई, ही रोज अशीच करती. पैल्यांदा पानी, मंग अब्यास." गोदी त्याच्याकडं बघून जीभ काढून पळालीसुद्धा. शाळेच्या मागं रांजण होता, तिकडं. परत आली तेव्हा हात ओले, परकराचा काठ ओला आणि तोंडावर असं हसू, जसं काही तिनं पाणी प्यायलं नाही, कुणाला तरी पाजून आली.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कवठाळी ही माझी पहिली नेमणूक. दोन खोल्यांची शाळा, पुढं लिंब, मागं रांजण आणि त्यापलीकडं ज्वारीची रानं. पलीकडच्या खोलीत तिसरी-चौथीला बिराजदार गुरुजी. अलीकडं माझी पहिली-दुसरी, तेवीस लेकरं. तेवीस लेकरं म्हणजे तेवीस वाटा. इमाम शिंप्याचा, त्याला टेप दिली की तो शाळेचा उंबरा मोजी, फळा मोजी, माझी वेणीसुद्धा मोजी, पण पाटी पुढं ठेवली की डोळे मिटी. चंपाला अक्षर दिसायचं नाही, पण भिजवलेल्या पिठाचं केलं की बोटांना कळायचं. काशिनाथ फक्त बैलांची नावं वाची. त्याला मी 'कमळ' लिहून दिलं तर म्हणाला, "ह्यो कुनाचा बैल?"

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तालुक्याच्या बाजारातल्या चपलांच्या दुकानातून रिकामी खोकी मागून आणली. तेवीस खोकी. प्रत्येकाच्या खोक्यात त्याचं त्याचं काम. इमामच्या खोक्यात दोऱ्या आणि चिंध्या, काशिनाथच्या खोक्यात बैलांच्या नावांच्या चिठ्ठ्या, चंपाच्या खोक्यात पिठाचा गोळा ओल्या फडक्यात. ज्यांना नाव वाचता येत नव्हतं त्यांच्या खोक्यावर चित्र. गोदीला विचारलं, "तुझ्या खोक्यावर काय काढू?"

"चिमनी."

"का गं?"

"आमच्या खळ्यावर येती."

गोदीच्या खोक्यात मी वालाचे दाणे घातले. गोल, तुकतुकीत, पांढऱ्या डोळ्यांचे. मोजायला. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

गोदीला मोजता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण दर वेळी एकानं कमी. आठ दाणे ठेवले की सात म्हणायची. पाच आणि चार दिले, एकत्र करून मोजायला सांगितलं, की आठ. दहातले तीन काढून घेतले की उरले सहा. कधी एकानं जास्त नाही, कधी दोनानं कमी नाही. मी दाणे बदलून मणी दिले, तेच. अंगणात रेघा मारून उड्या मारायला लावल्या, तर पहिली उडी ओठ मिटून मारायची आणि दुसऱ्या उडीला म्हणायची, "येक!" बोटं मोजताना अंगठा तळव्यात लपवायची. मी म्हणायची, "गोदे, हा पहिला राहिला बघ." ती माझ्याकडं असं बघायची, जणू मीच काहीतरी भलतं बोलले. मग खिडकीकडं मान वळवायची. शाळेच्या मागची ती खिडकी गांधीलमाश्यांनी पोळं केल्यापासून बंदच होती.

आणि दाणे कमी होत होते. मी खोक्यात शंभर घातले होते. आठवड्यानं मोजले तर चौऱ्याण्णव.

"गोदे, दाणे खातेस का? कच्चे वाल खाल्ले की पोट दुखतं."

"न्हाई बाई. आईची आन."

"मग जातात कुठं?"

ओठ मिटले. बस्स.

बिराजदार गुरुजींना हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू जायचं. दोन खोल्यांच्या मधली भिंत छतापर्यंत नव्हतीच. गुरुजी अंगानं काटकुळे, पांढरा लेंगा-शर्ट, भुवयांवर कायम खडूची धूळ. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. पस्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर शिकवलं होतं आणि त्यांच्या हातचे पाढे गावातले म्हातारेही झोपेत म्हणू शकत. माझ्या खोक्यांना ते 'चपला' म्हणायचे.

"बाई, चपला आवरा आता. घंटा झाली."

"खोकी आहेत गुरुजी ती."

"खोकी कुणाची? चपलांची. सरस्वती काय नऊ नंबरच्या खोक्यात मावते काय?"

"गुरुजी, काशिनाथ आता आठ बैल वाचतो."

"वाचू दे की. पुढं बाजारात दलाल होईल." आणि भुवईवरची धूळ झटकत हसायचे. त्यांच्या बोलण्याला धार असायची, पण ती विळीची नव्हे, उसाच्या पात्याची. लागायची, तरी मागं ऊस आहे हे माहीत असायचं.

पण एक दिवस ते हसले नाहीत. मार्गशीर्ष संपत आला होता. गोदीची आई, कमळबाई, शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. ती गावच्या शिक्षण समितीवर होती, आणि नुसत्या सहीपुरती नव्हे.

"गुरुजी, माज्या लेकीला पाडे येत्यात का न्हाई?"

"येतात. बेपासून दहापर्यंत खडखडीत. माझ्या खोलीतले ऐकून ऐकून आले."

"मंग काल म्या भाकरी मोजाय सांगितल्या. टोपल्यात नऊ. ही म्हनती आठ! जाऊबाई खदाखदा हसली. ही बाई लेकरांस्नी दाने देऊन खेळवायली आन् माजी पोर याडी व्हायली."

मी म्हणाले, "कमळबाई, ती वेडी नाही. थोडा वेळ..."

"किती येळ? दिवाळीपून खेळच चाललाय." तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "मला साळा भेटली न्हाई बाई. हिला भेटलीय. म्हनून बोलते. राग मानू नगा."

राग कसला मानणार? त्या उतरलेल्या आवाजानं माझेच डोळे भरले.

ती गेल्यावर गुरुजी म्हणाले, "बाई, मुलगी तोंडी बरोबर आणि हातात वस्तू आली की चूक. याचा अर्थ काय लावायचा?"

माझी सगळी भिस्त हातांवर होती आणि गोदीचे हातच मला खोटं पाडत होते.

"शनिवारी पालक येतील," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर गोदीला मोजू द्या. बरोबर आलं तर तुमच्या चपला फळीवर राहतील. नाही आलं तर सोमवारपासून पाटी आणि फळा. कबूल?"

मी मान हलवली.

ते चार दिवस मी गोदीच्या मागं लागले. दाणे ताटलीत, दाणे सुपात, दाणे दोऱ्यात ओवून. "पहिल्याला बोट लाव आणि 'एक' म्हण." ती बोट लावायची, म्हणायची काही नाही. शुक्रवारी मी जवळजवळ रडकुंडीला आले.

"गोदे, उद्या तरी पहिल्याला एक म्हण गं. माझ्यासाठी."

तिनं माझ्या हातावर आपला ओला हात ठेवला. "बाई, तुमी भेऊ नगा," म्हणाली. सात वर्षांची पोर. आणि उठून, "पानी."

शनिवारी सकाळची शाळा. लिंबाखाली सतरंजी घातली होती. बायका डोईवरचा पदर सावरत बसल्या, पुरुष कडेकडेनं उकिडवे. कमळबाई पुढं. तिच्यामागं, अंगावर घोंगडी घेऊन, गोदीचे आजोबा. गाव त्यांना आबा मापारी म्हणे. वजनकाटे यायच्या आधी पंचक्रोशीतल्या खळ्यांवर धान्य मापायला तेच जायचे. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी दोन-तीन खळी अजून त्यांच्याच पायलीनं मापली जायची, आणि गोदी त्यांचं बोट धरून बरोबर असायची.

आधी इमामनं सगळ्यांसमोर गुरुजींची उंची मोजली आणि टोपीसकट की टोपीशिवाय, असं विचारलं. हशा पिकला. काशिनाथनं चिठ्ठ्या वाचल्या, 'सर्जा' वाचल्याबरोबर मागून एक शेतकरी "माजा, माजा!" म्हणून ओरडला. चंपानं डोळे बांधून पिठाची अक्षरं ओळखली. माझ्या जीवात हळूहळू जीव येत होता.

मग गुरुजी म्हणाले, "गोदावरी."

ती पुढं आली. नवा परकर, तेलानं चोपलेल्या वेण्या. गुरुजींनी तिच्या खोक्यातून दाणे घेतले, मोजून, आणि सतरंजीवर ठेवले. मीही मनात मोजले. बारा.

"किती सांग."

गोदी बसली. पहिला दाणा उचलला. ओठ मिटलेले. मग बोट एकेका दाण्यावरून चाललं आणि ओठ हलू लागले.

"अकरा."

कुणीतरी हसलं. मग दोघी-तिघी. कमळबाईनं मान खाली घातली आणि पुटपुटली, "झालं? म्हनलं हुतं का न्हाई म्या." गुरुजी दाणे गोळा करायला वाकले, आणि त्यांच्या वाकण्यात जिंकल्याची खूण नव्हती, म्हणून मला जास्तच लागलं.

"थांबा मास्तर."

आबा मापारी उठून उभे राहत होते. एक हात घोंगडीवर, एक हात हवेत.

"कोन म्हनलं चुकलं?"

"आबा, बारा दाणे होते," गुरुजी म्हणाले. "मी स्वतः मोजून ठेवले."

"आन् आता किती हैत खाली?"

गुरुजींनी मोजले. थांबले. पुन्हा मोजले. "अकरा."

"मंग पोरगी काय वंगाळ बोलली?"

"पण बारावा कुठं गेला?"

"बारावा न्हवं, मास्तर. पैला. पैला कुटं गेला, तसं इचारा."

सगळ्यांच्या नजरा गोदीवर वळल्या. तिची डावी मूठ पोटाशी होती. दीड महिना मी ती मूठ बघत होते आणि मला ती दिसली नव्हती.

"मूठ उघड गं," मी हळूच म्हणाले.

तिनं आबांकडं पाहिलं. आबांना तिचं पाहणं दिसलं नसणार, पण ते म्हणाले, "उघड बाय." मूठ उघडली. तळहातावर घामानं ओला झालेला एक वाल.

आबा खाकरले. म्हणाले, "लोकहो, तुमी खळी इसरलाव. रास मापाय बसलं की पैली पायली कुनाची? भुईची. जिनं दिलं तिची. ती मापायची, बाजूला वतायची, पर तोंडानं मोजायची न्हाई. आन् कुनाला सांगायची बी न्हाई. बोललं की देनं संपलं. माज्या बापानं मला सांगितलं, म्या हिला." आणि त्या म्हाताऱ्या, चिरक्या आवाजात त्यांनी एक ओवी म्हटली. बाईमाणसाची ओवी, बहुधा त्यांच्या आईच्या तोंडची:

*पैली पायली भुईची, तिला मोज न्हाई माप*
*दुसरीपून मोजितो, माझा मापारी गं बाप*

बायकांमधून कुणीतरी ती ओळ हळूच परत म्हटली. मला माझी आई आठवली. जात्यावर बसली की तीही पहिली ओवी कधी आमच्यासाठी गायची नाही. देवासाठी गायची, आणि आमची नावं दुसरीपासून. मी लहानपणी रुसायची त्यावरून. तरी इतके दिवस ही पोर पहिला दाणा ओठ मिटून उचलत होती आणि मला ती ओवी ऐकू आली नव्हती.

गुरुजी गोदीसमोर गुडघ्यावर बसले. "मग हे रोजचे पहिले दाणे तू काय केलेस?"

"भुईला दिले."

"कुठं?"

"पानी प्यायला जाते तितं."

ती पुढं, गुरुजी मागं, मी मागं, आणि मागं सगळी सभा. इमाम टेप घेऊन पळत.

रांजणाच्या पाण्याची धार भिंतीच्या कडेनं वाहत जायची. त्या ओल्या पट्ट्यात, बंद खिडकीखाली, वाल उभे होते. एका रांगेत. पहिला वेल खिडकीच्या चौकटीला लागून पांढरा फुलला होता. त्याच्या शेजारचा त्याहून बोटभर खाली. त्याच्या शेजारचा आणखी खाली. पुढं वीतभर, पुढं चार पानांचे, पुढं दोन पानांचे, आणि शेवटी मातीतून मान काढणारे नुसते वाकडे कोंब, आणि सहा-सात ओले खळगे. आभाळातून कुणी हिरव्या पायऱ्यांनी उतरत यावं तशी ती रांग होती. मी रोज मागून जायची. गवत वाढलंय, कुणाकडून तरी काढून घ्यायला हवं, एवढंच मनात यायचं.

गोदीनं बोटानं माती उकरली, मुठीतला दाणा ठेवला, वरून ओंजळभर पाणी घातलं.

"ह्यो आजचा. ह्यो कालचा, बाई रडाय आल्त्या त्या दिसाचा. ह्यो इमाम पडला हुता तवाचा. ह्यो उगवला न्हाई." तिथं एक खडा ठेवलेला होता. "पाखरानं नेला. न्हेऊ द्या. चिमनीला बी पायजे."

"आणि या काटक्या कुणी रोवल्या?" मी विचारलं. प्रत्येक मोठ्या वेलाला एकेक सरळ काटकी होती, सुतळीनं बांधलेली.

गोदीनं मान हलवली. "ठावं न्हाई. आपोआप आल्या."

बिराजदार गुरुजी खाकरले. खडूनं पांढऱ्या झालेल्या भुवईखालचे डोळे त्यांनी दुसरीकडं वळवले. "वेल कुणाचा का असेना," म्हणाले, "आधार मागत होता. सकाळी लवकर येतो मी. हात रिकामेच असतात."

दीड महिना वर्गाच्या भिंतीआडून ते माझ्या खोक्यांना चपला म्हणत होते आणि शाळेच्या मागं माझ्याच खोक्यातल्या दाण्यांना काटक्या बांधत होते.

"बरं गोदावरी," त्यांनी आवाज परत कडक केला, "सगळे मिळून किती?"

ती रांगेच्या डोक्याशी गेली. फुललेल्या वेलाला हात लावला, ओठ मिटले. मग चालू लागली. सगळं गाव तिच्याबरोबर मनात मोजत होतं. कोंबांवर वाकून, खळग्यांवर वाकून, खड्यापाशी थांबून ती शेवटाला पोचली.

"बेचाळीस."

गुरुजींनी बोट उचलून स्वतः मोजलं. "त्रेचाळीस येतात."

"पैला मोजायचा न्हाई, गुरुजी!" गोदी म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थोडी चिडून, जशी मी तिच्यावर चिडायची तशी.

असं हसू मी त्या शाळेत पुन्हा कधी ऐकलं नाही. बायका पदरात तोंड घालून हसल्या, काशिनाथचा बाप लिंबाला धरून हसला, आणि कमळबाई हसता हसता रडत सुटली. तिनं लेकीला जवळ ओढून तिच्या तेलकट डोक्यावर हनुवटी टेकवली. "माजे माय," म्हणाली, "तवा त्यातली एक भाकरी तू बाजूला ठिवलीस ती भुईची व्हय? आन् म्या ती कुत्र्याला घातली."

"कुत्रं बी भुईवरच ऱ्हातंय की," आबा म्हणाले.

हसू निवल्यावर गोदी आबांपाशी गेली. त्यांची घोंगडी ओढून विचारलं, "आबा, साळंत पैला मोजू का? बाई लई हट्ट करत्यात."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "साळंत मोज. साळंत सगळं मोजत्यात. खळ्यावर न्हाई."

"मंग त्रेचाळीस," गोदी गुरुजींकडं वळून म्हणाली. "पर भाईर आलं की बेचाळीस."

सोमवारी मी जरा लवकर गेले. खोकी फळीवर तशीच होती. मी हात लावून मोजली, पहिल्यापासून, शाळेच्या पद्धतीनं. चोवीस. शेवटचं खोकं नवं होतं, मोठ्या मापाचं, आणि त्यावर खडूनं एक चित्र: काटकुळा माणूस, डोक्यावर टोपी, टोपीखाली दोन जाड भुवया.

"हे कुणाचं?" मी भिंतीपलीकडं आवाज दिला.

"माझं," गुरुजी म्हणाले. ते दारात येऊन उभे राहिले. "पस्तीस वर्षं तोंडानं शिकवलं. दीड वर्ष राहिलंय. मला हातानं काय येतं ते तरी बघू द्या. काम द्या काहीतरी. सोपं नको."

गोदीच्या खोक्यातून मी वालाची एक ओंजळ घेतली आणि त्यांच्या खोक्यात ओतली. ते लेकरांच्या रांगेत, गोदी आणि इमामच्या मध्ये, मांडी घालून बसले. गुडघे दोन्हीकडच्या पाट्यांना लागत होते. त्यांनी टोपी नीट केली, झाकण काढलं, पहिला दाणा उचलला आणि डाव्या मुठीत धरला. ओठ मिटलेले.

मग मान वर करून, अंगठा ओठांकडं नेत, पस्तीस वर्षांच्या मास्तरांनी मला विचारलं,

"बाई, पानी?"